सव्वापाचची ओहोटी

२०२३ साल. मला एकाहत्तर पुरी होऊन बहात्तरावं लागलेलं. आम्ही दोघं नवराबायको दुसऱ्या खेपेला मुलाकडे एजवेअरला आलो होतो, सहा महिन्यांसाठी.

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीनंतर वडिलांनी पाटी काढून घेतली आणि हातात वल्हं दिलं. आमच्या खाडीवर तर चालायची. तर म्हणजे माणसं, शेळ्या, सायकली, नवरदेव, आजारी माणसं, सगळं ह्या काठावरून त्या काठाला नेणारी होडी. त्रेचाळीस वर्षं ती मी चालवली. पुढे पूल झाला. पुलाचं उद्घाटन झालं त्या दिवशीसुद्धा मी होडीनेच पलीकडे गेलो आणि होडीनेच परत आलो. पुलावर पाय ठेवायला मला आणखी तीन वर्षं लागली. स्वभाव आहे, तो लपवून काय करू.

एजवेअरच्या घरात मला काही म्हणता काही येत नव्हतं. शेगडीला जाळ नाही, नुसती काच. कचऱ्याची बिनं तीन रंगांची, कुठलं कुठल्या वारी बाहेर काढायची ते फ्रीजवर लिहिलेलं. बसचा आकडा वाचता यायचा, पण बस कुठे जाते ते नाही. सून सांगायची, मुलगा सांगायचा, आणि महिनाभराने आमची हीसुद्धा सांगायला लागली, "अहो, ते बटण नका दाबू." ज्याच्या शब्दावर अख्खी होडी उठायची आणि बसायची, त्याला आता बटण दाबायची परवानगी नाही. मला दुसरं काही नको होतं. एखाद्या गोष्टीत कुणीतरी मला विचारावं, आणि मी सांगेन तसं व्हावं, एवढंच.

सूनबाई नागपूरची. लंडनात कुठल्याशा मोठ्या कंपनीत फायनान्सचं बघते. अंगाने किडकिडीत, पण चालायला लागली की थांबत नाही. ह्या देशातल्या बघण्यासारख्या जागांची तिने एक यादी केलेली, तीही फ्रीजवर, बिनांच्या वारांशेजारी. पांढरे कडे, डोंगर, तळी, धबधबे, बेटं. एकेक झालं की त्यापुढे बरोबरची खूण. पहिल्या खेपेला तिने आम्हाला समुद्रकाठचे पांढरे कडे दाखवले, सात कडे ओळीने उभे. मी म्हटलं, "चुन्याचा डोंगर आहे, भट्टीत न घालताच पांढरा." ते तिला इतकं आवडलं की ऑफिसात सांगून आली. मग वेल्समधल्या मोठ्या डोंगरावर अर्ध्यापर्यंत चढवलं, वर नुसतं धुकं. मग एका नदीत ओळीने मांडलेले दगड होते, त्यांच्यावरून पाय टाकत पलीकडे जायचं. तिथे मी तिच्याआधी पोचलो.

खरं सांगायचं तर ह्या लोकांचं चालणं मला आवडून गेलं. आमच्याकडे माणूस चालतो तो कामाला. इथे काम नसताना चालतात, पाऊस पडत असताना चालतात, आणि दुसऱ्याच्या शेतातून चालतात. शेताला फाटक असतं, उघडायचं, आत जायचं, परत लावायचं. शेतकरी हटकत नाही, उलट हात वर करतो. समोरून येणारा अनोळखी माणूस "मॉर्निंग" म्हणतो, मीही "मॉर्निंग" म्हणतो. दुपारचे तीन वाजले असले तरी मी मॉर्निंगच म्हणतो.

तर त्या जूनमध्ये सूनबाईने यादीतली पुढची जागा काढली, वेल्समधलं गॉवर. तिथे र्‍होसिलीचा समुद्रकिनारा आहे, मैलोन्‌मैल वाळू. त्याच्या टोकाला समुद्रात एक लांबोडकी डोंगराची शेपूट गेली आहे, वर्म्स हेड म्हणतात. मगर पाण्यात पडून डोकं वर काढते तशी दिसते. भरतीला ते बेट होतं. ओहोटीला मधला खडकांचा पट्टा उघडा पडतो आणि माणसं त्यावरून चालत पलीकडे जातात. मी ऐकलं आणि सरळ उठून बसलो. भरती, ओहोटी, खडक. म्हटलं, आता माझ्या घरची गोष्ट निघाली.

शुक्रवारी संध्याकाळी जाऊन एका कॉटेजात उतरलो. शनिवारी वटपौर्णिमा. हिला उपास, आणि वड पाहिजे. वेल्समध्ये वड कुठला? पण सूनबाईने एजवेअरहून कुंडीतलं वडाचं रोप आणलेलं, पाच तास मांडीवर धरून. अंगणातल्या हिरवळीवर कुंडी ठेवली आणि सासूसुना सूत गुंडाळत सात फेरे फिरल्या. घरमालकीण खिडकीतून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही, बाहेर आली, काय चाललंय विचारलं. सूनबाईने इंग्रजीत सांगितलं. मालकीण माझ्याकडे आणि मुलाकडे बघून काहीतरी बोलली आणि दोघी हसत सुटल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, सात जन्म? माझा एकच नवरा आहे, आणि मला एकाच जन्मात पुरे झाला."

"हिला विचारा म्हणावं," आमची ही म्हणाली, "मी काय सुखाने मागते? दुसरा कुणी ह्यांना सांभाळायचा नाही म्हणून मागते."

ह्या सगळ्यात उशीर झाला. समुद्राकडच्या कड्यावर पोचलो तेव्हा सव्वाएक होऊन गेलेला. कड्याच्या टोकाला एक पांढरी खोली आहे, आत एक म्हातारा माणूस समुद्रावर लक्ष ठेवायला दुर्बीण घेऊन बसलेला. खोलीबाहेर फलक, त्यावर आकडे. खाली बघितलं तर खडकांचा पट्टा उघडा, काळा, दातेरी, आणि पलीकडे हिरवं बेट. मुलाचा गुडघा आदल्या आठवड्यात दुखावलेला, तो खोलीजवळच्या बाकावर बसला. आम्ही तिघं निघालो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, अर्ध्यापर्यंतच जाऊ बरं का. तीनच्या आत या बाजूला परत. मी अलार्म लावलाय."

"कशाला?"

"टाइडसाठी. लो टाइड साडेबाराला होऊन गेली. त्यानंतर अडीच तास सेफ. म्हणजे तीन. फोनवर दिलंय, फलकावरपण तेच आहे नं."

आता आमच्या किनाऱ्यावर फोन नव्हता तेव्हापासून एक हिशेब आहे, माझ्या वडिलांनी मला वल्ह्याच्या आधी शिकवला तो. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी भरते. तिथून सहा तासांनी ओहोटी तळाला. ह्या हिशेबावर मी त्रेचाळीस वर्षं माणसं नेली.

"आज तिथी काय?" मी विचारलं.

"पौर्णिमा. आताच तर वड पुजला."

"पंधरा. पंधराची पाऊणपट?"

"सव्वाअकरा." ती फायनान्सवाली, उत्तर जिभेवरच.

"सव्वाअकराला भरती भरली. आता पाणी ओसरतंय. सव्वापाचपर्यंत ओसरणार. मग तीनची घाई कुणाला?"

"पण बाबा, फोन..."

"नागपूरला समुद्र कुठल्या अंगाला आहे गं?"

ती हसली. "आमच्याकडे तलाव आहे नं, बाबा."

"पोरीला कशाला टोचता?" ही म्हणाली.

आम्ही खडकात उतरलो. ते खडक म्हणजे सुऱ्या उभ्या करून ठेवाव्यात तसे. सूनबाईच्या पायात चांगले डोंगर चढायचे बूट, तरी ती चारदा घसरून बसली. आमच्या हिने साडीचा काचा मारला आणि पुढे गेली. जन्मभर खडकावरची कालवं फोडलेली बाई, तिला काय सांगायचं. मध्येच एका खडकाशी वाकली आणि ओरडली, "अहो, इथे पण आहेत हो! आणि कुणी काढत नाही!" दहा मिनिटं ती तिथेच. तिला तिथून हलवताना सूनबाईला घाम फुटला.

अर्ध्यावर आलो तेव्हा सूनबाई थांबली. म्हणाली, बास. मी पुढे चालत राहिलो. मला ठाऊक होतं की मी गेलो की मागे ह्या येणारच.

आणि आता जे लिहितो ते मी दोन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. त्या अर्ध्यावर खडकांच्या मध्ये एक घळ होती, गुडघ्याखालपर्यंत पाण्याची. तिच्यात लांब पानांचं शेवाळ. ओहोटी चालू असते तेव्हा शेवाळाची पानं समुद्राकडे ओढलेली असतात. हे मला पाचव्या वर्षी कळत होतं. ती पानं समुद्राकडे नव्हती. आधी नुसती उभी डुलत होती, आणि मी बघत असतानाच एकेक पान जमिनीकडे वळायला लागलं. पाणी आत येत होतं. डोळ्यांनी बघितलं, आणि मनाला सांगितलं, वारा आहे. कारण तोंडातून सव्वापाच निघून गेलं होतं, आणि तेही नागपूरच्या पोरीसमोर.

बेटावर पोचलो. काय सांगू त्या जागेचं. पायाखाली मऊ गवत, गालिच्यासारखं, त्यात गुलाबी फुलांचे गोंडे. पाखरं अशी की आकाशाला आवाज यावा. आणि खालच्या खडकांवर सील पडलेले, समुद्रातली जाडजूड गुळगुळीत जनावरं, पंधरा-वीस तरी, जेवण करून ओटीवर लवंडलेल्या भटजींसारखे. एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि परत टाकली. ही इतकी हसली की तिला बसावं लागलं. कित्येक वर्षांत इतकं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. मला वाटलं, हे मी हिला दाखवलं. फोनने नाही, मी.

तेवढ्यात अलार्म वाजला.

"बाबा, चला. सव्वादोन झाले. परत जायला आपल्याला पाऊण तास लागेल."

"सव्वापाच," मी म्हटलं.

"बाबा, प्लीज."

"तुला जायचं तर जा. मी घंटेवर उठणारा माणूस नाही."

ती हिच्याकडे वळली. "आई, तुम्ही तरी सांगा."

ही म्हणाली, "मी ह्यांना ओळखते, आता उठायचे नाहीत. आणि ह्यांना सोडून मी यायची नाही, आज तर नाहीच. तू जा गं. तुझे पाय चांगले आहेत."

सूनबाईने पलीकडच्या कड्याकडे बघितलं. तिथे बाकावर मुलगा दिसत होता, मुंगीएवढा. ती एकटी निघाली असती तर वीस मिनिटांत पोचली असती. तिने फोन खिशात ठेवला, आमच्या शेजारी गवतात बसली, पाठपिशवीतून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

"खा, आई. गार झालीये."

मी समुद्राकडे तोंड करून बसलो. खिचडीही खाल्ली नाही.

सव्वातीनच्या सुमाराला मी उठलो, पाय मोकळे करायला म्हणून. खरं तर मघाशी बघितलेलं शेवाळ डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. खडकांच्या तोंडाशी जाऊन बघितलं. घळ भरली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी एकमेकांना भेटायला येत होतं, आणि आमच्याकडे येतं तसं हळू नाही. डोळ्यांदेखत एक खडक गेला, मग दुसरा. एवढी चाल मी कुठल्याही उधाणाला बघितली नव्हती.

"कमरेएवढंच तर आहे," मी म्हटलं. "मी पुढे होतो. मी हात देतो, तुम्ही या."

चप्पल काढली. एक पाय पाण्यात घातला. ते पाणी नव्हतं, बर्फ होतं, आणि त्याने माझा पाय असा ओढला की कुणी हात लावून ओढावा. सूनबाईने मागून माझं मनगट धरलं. एवढीशी पोरगी, पण पकड लोखंडाची.

"बाबा, नाही."

इतकंच म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्या होडीत कुणी उभं राहिलं की मी असाच बोलायचो, एकच शब्द, आवाज न चढवता. मी पाय बाहेर घेतला.

आम्ही वर जाऊन बसलो. तिने फोन लावून मुलाला सांगितलं. त्याने आधीच पांढऱ्या खोलीतल्या म्हाताऱ्याला सांगितलेलं, आणि म्हाताऱ्याने त्याच्याही आधी दुर्बिणीतून बघितलेलं. लाईफबोट निघाली होती. तोवर आम्ही तिघं गवतात. वारा सुटलेला. सूनबाईने स्वतःचं जॅकेट हिच्या खांद्यावर टाकलं.

हिने ते अंगाभोवती लपेटून घेतलं. मग ही म्हणाली, "सकाळी सात जन्म मागितले. संध्याकाळच्या आत खडकावर आणून बसवलं. अजून सहा बाकी आहेत."

सूनबाईला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला कळलं की पोरगी घाबरली होती. इतका वेळ घाबरलेली होती आणि खिचडी वाढत होती.

बोट आली, नारिंगी, रबराची. तिच्यावर तिघं, त्यातली एक बाई, सूनबाईच्याच वयाची. सुकाणू तिच्या हातात. खडकाशी तिने बोट अशी आणून लावली की पाणी हललं नाही. मी मनात म्हटलं, शाबास. मला तरंगायचं जॅकेट चढवलं, पट्टे आवळले. मी उभा राहून बघायला लागलो तशी तिने तळवा खाली करून मला खूण केली, बसा. मी बसलो. त्रेचाळीस वर्षं दुसऱ्यांना बसवलं, आणि दुसऱ्याच्या हातातल्या बोटीत खाली बसायची माझी ही पहिली वेळ. बसल्यावर कळलं की बसलेल्याला नाव हाकणाऱ्याची फक्त पाठ दिसते, आणि त्या पाठीवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला दुसरं काही करता येत नाही.

वाळूवर उतरलो. पांढऱ्या खोलीतला म्हाताराही मुलाबरोबर खाली आलेला. बोटवाल्या बाईने वही काढली आणि काहीतरी विचारलं. मला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. वेळ बघितली नव्हती का? मी मान खाली घातली. तेवढ्यात सूनबाई पुढे झाली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माय मिस्टेक."

एवढं इंग्रजी मला कळतं.

रात्री जेवताना मुलगा थोडा तिच्यावर चिडला, तू तर वेळ बघितली होतीस ना, म्हणून. ती म्हणाली, "राहू दे ना, झालं ते झालं." माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मग मी विचारलं म्हणून समजावून सांगितलं. चंद्र एकच, तिथी एकच, पण प्रत्येक किनाऱ्याला पाणी पोचायची वेळ आपापली. तुमचा हिशेब चुकीचा नाही बाबा, तो तुमच्या किनाऱ्याचा आहे. आणि मला आठवलं की आमच्याच खाडीत मुखाशी भरती भरते तेव्हा आत तीन कोसांवर भरायला आणखी तास लागतो. हे मी लोकांना सांगायचो. स्वतः विसरलो, सात समुद्र ओलांडून आल्यावर.

एकाहत्तर वर्षांत माझी चूक दुसऱ्याने अंगावर घेतली असं झालं नव्हतं. चूक कबूल करणं मला येत नव्हतंच, पण ती दुसऱ्याकडे ठेवून झोपणंही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न उठवता निघालो. हिच्या वाणातले दोन हापूस घेतले, एजवेअरच्या दुकानातल्या शेवटच्या पेटीतले. कड्यावरची पांढरी खोली बंद होती. बाकावर बसून राहिलो. वाटेने जाणाऱ्यांना मॉर्निंग म्हटलं, ह्या वेळी खरोखरच मॉर्निंग होती. बऱ्याच वेळाने म्हातारा आला, किल्ली लावली, मला ओळखलं. मी आंबे त्याच्या हातात दिले. मग खाली बेटाकडे बोट केलं, ते बोट माझ्या छातीवर टेकवलं आणि म्हटलं, "माय मिस्टेक." त्याला वाटलं आंब्याबद्दल बोलतोय. मी पुन्हा बेट दाखवलं, हाताने सुनेएवढी उंची दाखवली, मान हलवून नाही म्हटलं, आणि पुन्हा स्वतःची छाती. "माय. माय मिस्टेक." तेव्हा तो समजला. हसला नाही. त्याने माझा हात हातात घेतला, मग मला फलकापाशी नेऊन त्या दिवसाचे आकडे दाखवले. आकडे मला वाचता येतात. दोनदा वाचले.

कॉटेजात आलो तर सूनबाई अंगणात चहा पीत होती, वडाच्या कुंडीशेजारी.

"बूट घाल," मी म्हटलं. "काल सील नीट बघून झाले नाहीत. अकराला निघू. पावणेचारच्या आत ह्या बाजूला परत."

"कोण म्हणतं?"

"फलक म्हणतो," मी म्हटलं. "तू अलार्म लाव. वाजला की मी उठेन."